‘बरं नाही’च्या चिठ्ठ्या : किनाऱ्यावरच्या एका शाळेतला खेळाचा तास

पार्श्वभूमी

मालवण-देवगड पट्ट्यातली ही एक अनुदानित माध्यमिक शाळा. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले किंवा बदलले आहेत. प्रकरण जानेवारी २०२४ ते मार्च २०२५ या काळातलं. मी स्वतः क्रीडाशिक्षिका आहे, पण त्या शाळेत नाही. तालुक्यातल्या क्रीडाशिक्षकांच्या बैठकीत तिथल्या सरांनी आपली अडचण मांडली आणि त्यानंतर माझं तिथे जाणं-येणं सुरू झालं.

शाळा सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराच्या, कडेला आहे. मैदान म्हणजे जांभ्याची खडी आणि मधूनमधून उघडा कातळ. पडलं की गुडघा सोलून निघतो. खाली उतरलं की पंधरा मिनिटांत समुद्र. मुलं तीन प्रकारची : किनाऱ्यावरच्या मच्छीमार वाडीतली, वरच्या आंबा-काजूच्या बागांच्या वाड्यांतली, आणि एसटीने येणारी. जून ते सप्टेंबर मैदान जवळजवळ नसतंच.

आठवी-नववीला आठवड्यात पस्तीस मिनिटांचे दोन तास खेळाचे. दोन्ही मधल्या सुट्टीनंतर लगेच, म्हणजे भर दुपारी. असं का, याचं उत्तर कुठल्याही शाळेत मिळेल तेच : गणित-विज्ञान सकाळी, डोकं ताजं असताना; उरलेल्या चौकटीत पी.टी. दहावीच्या टक्केवारीत न धरल्या जाणाऱ्या, फक्त श्रेणी मिळणाऱ्या विषयाला वेळापत्रकात आणखी कोण जागा देणार?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस अशी की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि त्यातले निदान तीन दिवस दम लागेल, स्नायू-हाडांवर ताण येईल असं काही असावं. आठवड्याच्या दोन तासांत हे गणित बसत नाही, कधीच बसणार नाही. म्हणून माझ्या मते खेळाच्या तासाकडून मिनिटं मागू नयेत. शाळा सुटल्यावरही मुलाला हालचाल करावीशी वाटते का, एवढंच त्या तासाने सांभाळावं. या शाळेत नेमकं तेच बिघडलं होतं.

अडचण कशी दिसली

मैदानाच्या कडेला एक जुना काजू आहे. तासाला त्याच्या सावलीत आधी चार मुली बसायच्या, मग दहा. २०२३च्या दिवाळीनंतर नववीतल्या निम्म्याहून अधिक मुली आणि काही मुलगे तिथेच असत. प्रत्येकाकडे घरची चिठ्ठी : ‘बरं नाही, खेळायला लावू नये.’ चिठ्ठ्यांवरच्या पालकांच्या सह्या पुष्कळदा एकाच हस्ताक्षरात असत, हा भाग वेगळा.

उरलेली दहा-बारा मुलं कबड्डी खेळत. ती चांगली खेळत. सर त्यांच्यातच रमत, कारण तालुक्याच्या स्पर्धेला संघ न्यायचा असे आणि जिल्हा-राज्य पातळीवर खेळणाऱ्याला दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळू शकतात. सरांचं निदान साधं होतं : पोरं आळशी झालीत, मोबाइलने वाट लावली. उशिरा येणाऱ्याला, गृहपाठ न आणणाऱ्याला मैदानाच्या फेऱ्या मारायला लावण्याची पद्धत शाळेत होतीच. भूगोलाचे शिक्षकही पोरांना फेऱ्यांना पाठवत. धावणं ही शिक्षा म्हणून सोमवारी द्यायची आणि मंगळवारी तेच धावणं आनंदाने करा म्हणायचं, यातली विसंगती तेव्हा कुणाच्या लक्षात आली नव्हती.

आणखी एक गोष्ट. खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत उंची-वजनावरून बीएमआय, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव-चाल, बसून पुढे वाकणं, पुश-अप असे प्रकार असतात. चाचणी म्हणून त्यात वाईट काही नाही. पण इथे वजन घेताना मुलं रांगेत उभी, एक जण आकडा मोठ्याने वाचणार, दुसरा वहीत लिहिणार. आणि ६०० मीटरचा निकाल पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत फलकावर. शेवटचं नाव कुणाचं, हे शाळेतल्या पाचवीच्या पोरालाही पाठ.

पहिला उपाय : बक्षिसं

गावचे एक चाकरमानी जानेवारी २०२४मध्ये शाळेला थोडी रक्कम देऊन गेले, खेळासाठी वापरा म्हणून. सरांनी योजना आखली : महिनाभर एकही तास न चुकवणाऱ्याला पाण्याची बाटली, आणि महिन्याच्या शर्यतीत पहिल्या तिघांना टी-शर्ट.

पहिल्या महिन्यात काजूखाली कुणी बसलं नाही. सगळे खूश. दुसऱ्या महिन्यात शर्यत त्याच तिघा-चौघांनी जिंकली. बाटली एकदा मिळाल्यावर दुसरी कशाला, म्हणून बाकीच्यांची हजेरी ओसरली. मार्चमध्ये पैसे संपले, आणि कबड्डीच्या संघातला सगळ्यात गुणी मुलगा सरांना विचारता झाला, “सर, आता काय मिळतला?” सरांना खरा धक्का बसला तो इथे. जो फुकट खेळत होता, तोही भाव विचारू लागला.

हे नवं नाही. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतल्या, चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला होता. चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळेत कमी चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता, अचानक प्रमाणपत्र मिळालं, त्यांच्यावर असा परिणाम झाला नाही. बक्षीस वाईट नसतं, पण बक्षिसाचा सौदा झाला की खेळ मजुरी होतो. शिवाय इथे बक्षिसाने मूळ प्रश्नाला हातच लावला नव्हता. पोरी काजूखाली का बसतात, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

निर्णयाची पहिली जागा : दाखला की विचारणा?

जून २०२४मध्ये शाळा उघडल्यावर चिठ्ठ्या पुन्हा सुरू झाल्या. सरांनी मुख्याध्यापिकांपुढे प्रस्ताव ठेवला : यापुढे पालकांची चिठ्ठी चालणार नाही, डॉक्टरचा दाखला हवा, नसेल तर श्रेणी खाली येईल. मुख्याध्यापिका, म्हणजे शाळेत सगळे ज्यांना मोठ्या बाई म्हणतात त्या, लगेच हो म्हणाल्या नाहीत. त्यांचं म्हणणं व्यवहारी होतं : प्राथमिक आरोग्य केंद्र लांब, दाखल्यासाठी आईचा एक दिवसाचा रोज बुडणार, आणि एवढं करून मुलगी मैदानात उभी राहील, खेळणार नाही.

तेव्हा समोर असलेले पर्याय मला आठवतात तसे सांगते. दाखल्याची सक्ती. बक्षिसांसाठी नवा देणगीदार. बाहेरून कबड्डीचा प्रशिक्षक आणून संघावरच लक्ष देणं, म्हणजे ‘खेळणाऱ्यांना खेळू दे’ हा मार्ग. याला स्टाफरूममध्ये बराच पाठिंबा होता. आणि चौथा, मुलांनाच विचारणं. चौथ्यावर सर हसले. “काय सांगणार ती? कंटाळा येतो म्हणतील.” शेवटी खर्च नाही म्हणून तो आधी करून पाहायचं ठरलं.

बुटांचं रिकामं खोकं, वर फट. नाव लिहायचं नाही, मालवणीत लिहिलं तरी चालेल. प्रश्न एकच : खेळाच्या तासाला तुम्ही बसता तेव्हा का बसता?

खोक्यातून काय निघालं

‘कंटाळा’ हा शब्दही होता, नाही असं नाही. पण इतर चिठ्ठ्या अशा :

“मी नेहमी शेवटची. सगळे हसतत.”

“ओढणी सांभाळू का बॉल?”

“पहाटे रापणीक जातंय, झोप येता.” (रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं.)

“खो-खोत माका कोण घेत नाय.”

“सर मोबाइल बघतत, मग आमी कशाक खेळाचा?”

आणि एक, जिने पुढचं सगळं वळवलं : “संडासाक कडी नाय. म्हणान दिवसभर पाणी पियत नाय. दुपारी डोक्या दुखता.”

या आशयाच्या चिठ्ठ्या एकापेक्षा जास्त होत्या. मोठ्या बाई उठल्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहात जाऊन आल्या. दोन दारं, एकाची कडी तुटलेली, दुसऱ्याची वाकलेली. एक मैत्रीण बाहेरून दार धरून उभी राहणार तेव्हा दुसरी आत जाणार. पाळीच्या दिवसांत टाकायला डबा नाही. म्हणजे साखळी अशी : कडी नाही म्हणून मुलगी सकाळी नऊला घरून निघाल्यापासून पाणी पीत नाही, भर दुपारच्या उन्हात तास, डोकं ठणकतं, ‘बरं नाही’ची चिठ्ठी. चिठ्ठी खोटी नव्हती. सही खोटी असेल.

इथे निर्णयाची एक लहानशी पण महत्त्वाची जागा होती. सरांविरुद्धच्या चिठ्ठ्यांचं काय करायचं? मोठ्या बाईंनी त्या स्टाफरूममध्ये वाचल्या नाहीत. शाळा सुटल्यावर सरांना एकट्याला बोलावून खोकं त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः कार्यालयाबाहेर पडल्या. सर नंतर मला म्हणाले की चारचौघांत वाचलं असतं तर मी भांडलो असतो. मला वाटतं, या सगळ्या प्रकरणात कुणी सर्वांत शहाणपणाने काही केलं असेल तर ते हेच. मुलांची नावं फलकावर लावणाऱ्या सरांचं नाव त्यांनी फलकावर लावलं नाही.

काय केलं

कड्या आणि डबा दुसऱ्याच दिवशी. खर्च एका बाटलीच्या बक्षिसापेक्षा फार जास्त नसावा.

मग फेऱ्यांची शिक्षा बंद. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात भूगोलाच्या सरांना ते पटायला दिवाळी उजाडली.

तासाची वेळ हा मात्र खरा गुंता होता. दुपारचं ऊन टाळायला शेवटचा तास द्यावा, तर एसटीच्या मुलांचं लक्ष रस्त्याकडे. पहिला तास द्यावा, तर पोटात काय? शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच आहे. नववीतली मुलगी सकाळी चहा-बटर खाऊन निघते आणि पुढे दोनला डबा उघडते, तोही असला तर. पहिल्या तासाला धावली तर चक्कर येणारच. चर्चेनंतर तोडगा असा निघाला की तास मधल्या सुट्टीच्या आधीचा, आणि त्याच्याही आधी दहा मिनिटांची छोटी सुट्टी, जिच्यात काहीतरी खायचं आणि पाणी प्यायचं. विज्ञानाच्या बाईंनी आपला तास बदलून दिला म्हणून हे झालं. असा एक माणूस भेटला नाही तर वेळापत्रक हलत नाही.

कपड्यांचा प्रश्न पालकांच्या सभेत गेला. खेळाच्या दिवशी मुलींनी गणवेशाच्या सलवारीवर टी-शर्ट घालावा, ओढणी नको, एवढंच सुचवलं होतं. एका आजोबांनी जोरात विरोध केला. त्यांना उत्तर शिक्षकांनी दिलं नाही. मच्छीमार वाडीतली एक आई उठून म्हणाली की मी मासळीची पाटी घेऊन बाजारात धावते तेव्हा पदर खोचते, ही तर शाळा. सभा हसली आणि ठराव झाला. हा ठराव आयांच्या सभेत आधी मांडला असता तर आजोबांशी वाद घालायची वेळच आली नसती, असं मोठ्या बाई नंतर म्हणाल्या.

श्रावणातला तास

मैदान चिखलात असताना खेळाचा तास म्हणजे गणिताचा जादा तास, ही कोकणातल्या बहुतेक शाळांची रीत. सर व्हरांड्यात दोरीउड्या घेऊ म्हणाले, पण पावसाची झड आत येऊन फरशी निसरडी झालेली. शेवटी वर्गातली बाकं भिंतीला लावली. काय करायचं, हे मुलींनी ठरवावं असं सांगितल्यावर क्षणभर शांतता, आणि मग मागून कुणीतरी, “बाई, फुगडी घालू?”

गणपती महिन्यावर आलेले. घरोघरी सराव सुरू होणारच होता. मी त्या दिवशी हजर होते. बसफुगडीने सुरुवात झाली : उकिडवं बसून, हात धरून, एकेक पाय पुढे फेकत उड्या. माझ्या शाळेतल्या संघाला मी मांड्यांच्या ताकदीसाठी जे व्यायाम देते, त्यांपेक्षा हे कमी नव्हतं. मग दंडफुगडी, कोंबडा, झिम्मा. ज्या मुलीने दोन वर्षांत एकही फेरी पूर्ण केली नव्हती ती गाण्याची पुढारी निघाली. तिचा आवाज भिंतीपलीकडे सातवीच्या वर्गात जात होता.

सरांना फुगडीत काय मोजायचं कळेना. इथे एक गोष्ट आयती हाताशी होती. श्रम किती जोराचे, हे पाहायची साधी कसोटी अशी : बोलता येतं पण गाता येत नाही, ती मध्यम हालचाल; धड बोलताही येत नाही, ती जोरकस. फुगडीत गाणं असतंच. सर कानोशावर राहू लागले. गाण्याची ओळ अर्ध्यात तुटली आणि नुसते पायांचे आवाज राहिले की समजायचं, काम होतंय. पुढे मुलींनी मनगटावर नाडी धरायला शिकून घेतलं, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं. कुणाची नाडी किती लवकर खाली येते, यावर त्यांच्यात पैजा लागत.

मुलगे दुसऱ्या वर्गात पुश-अप आणि दोरीउड्या करत होते आणि कुरकुरत होते. दोघे-तिघे कोंबड्यासाठी इकडे आलेही. मुलग्यांकडे या सगळ्यात थोडं दुर्लक्षच झालं, ते पुढे सांगते.

रक्ताचा प्रश्न

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं, तेव्हा काजूखालच्या काही मुलींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. या वयाच्या मुलीत ते १२च्या (ग्रॅम प्रति डेसिलिटर) खाली असलं तर रक्तक्षय धरतात. रक्तात प्राणवायू वाहून नेणारंच कमी, तर दोनशे मीटरवर धाप लागणार. तिला ‘आळशी’ म्हणणं म्हणजे रिकाम्या टाकीच्या गाडीला ढकलत राहणं. आठवड्याची निळी लोहगोळी शाळेत मिळत होती, पण मळमळते म्हणून बऱ्याच जणी ती खिडकीबाहेर टाकत. उपाशी पोटी घेतली तर मळमळणारच. गोळी जेवणानंतर, आणि तिच्यावर लगेच चहा नाही, एवढं बदललं. गृहविज्ञान शिकवलेल्या एका निवृत्त बाईंनी आयांच्या सभेत लाल माठ, कुळीथ, नाचणी, तिसऱ्या (शिंपल्या) आणि जेवणात लिंबू-आवळा यांवर अर्धा तास बोलून टाकलं. बाजारातून काही विकत आणा असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, म्हणून आया ऐकत राहिल्या.

पुळण आणि रापणवाल्यांचा मुलगा

‘पहाटे रापणीक जातंय’ ही चिठ्ठी कुणाची, हे सगळ्यांना माहीत होतं. नववीतला हा मुलगा तासाला झोपायचा. सरांच्या यादीत आळश्यांचा मुकुटमणी. तो पहाटे घरच्या माणसांबरोबर किनाऱ्यावर रापणीची दोरी ओढून शाळेत येत होता. ६० मिनिटांची शिफारस त्याने प्रार्थनेच्या आधीच पुरी केलेली असायची. त्याला खेळाच्या तासाला काय द्यायचं, हा प्रश्न कुणी स्वतःला विचारला नव्हता.

नोव्हेंबरमध्ये सरांनी शनिवारी सकाळच्या शाळेत पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, तास घ्यायचं काढलं. ओली, घट्ट वाळू. पडलं तरी सोलत नाही. पालकांची लेखी संमती, सोबत दोन शिक्षक, आणि घोट्यापेक्षा खोल पाण्यात कुणी जायचं नाही, हे नियम आधी ठरले. पण सरांनी सरसकट सगळे शनिवार फळ्यावर लिहिले, तेव्हा तो मुलगा मागून म्हणाला, “सर, पुढच्या शनिवारी भरती आसा. पुळण मिळाची नाय.”

त्याने सांगितलं ते बरोबर होतं. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आठवड्यात ती सहा तासांच्या आसपास जाते. म्हणजे या शनिवारी आठला सुकती (ओहोटी) असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी पाणी वरपर्यंत. किनाऱ्यावरची माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची अंदाजी वेळ काढतात : तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा. सरांनी त्याच्याच हातात कॅलेंडर दिलं. त्याने आणखी दोघांना घेऊन फेब्रुवारीपर्यंतचे ‘पुळणीचे शनिवार’ कार्डशीटवर काढले. ते कार्यालयाबाहेर लागलं. शाळेतल्या भिंतीवर त्याचं नाव उशिरा येणाऱ्यांच्या यादीबाहेर लागण्याची ती पहिली वेळ.

तिथे रस्सीखेच झाली. तो दोरी धरायच्या आधी टाचेने वाळू उकरतो, पाय रुतवतो, मग पाठ मागे टाकतो. दंड जवळजवळ सरळच. शेजारच्या धिप्पाड कबड्डीपटूला तो म्हणाला, “हातान ओढलंस तर हात सोलतले. आंगान ओढ.” सरांनी नंतर नियमात बसेल तेवढं तेच तंत्र सगळ्यांना शिकवायला सांगितलं, आणि शिकवायला तोच उभा राहिला.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी माणसाच्या आतल्या ओढीसाठी तीन गोष्टी लागतात असं मांडलं : काही तरी स्वतः ठरवता येणं, आपल्याला जमतंय असं वाटणं, आणि आपली माणसं सोबत असणं. शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, बी.पी.एड.ला, आम्ही हे पाठ करतो. या मुलाच्या बाबतीत तिन्ही एका कार्डशीटवर आणि एका दोरीवर जमून आल्या.

वही आणि खो-खो

वर्गात वजन मोठ्याने वाचणं बंद झालं. वजनकाटा कार्यालयात, एकेकाने जायचं. ६०० मीटरचा निकाल फलकावरून उतरला. त्याऐवजी प्रत्येकाची चाळीस पानी वही : ऑगस्टअखेर, डिसेंबर, मार्च. स्वतःचा आधीचा आकडा आणि आत्ताचा. सर फक्त फरक बघत. कबड्डीच्या पोरांना हे पहिल्यांदा आवडलं नाही, कारण जो आधीच वेगात धावतो त्याचा फरक कमी पडतो. त्यांना सरांनी दुसरं काम दिलं, प्रत्येकाने एका नवख्याला पकड शिकवायची. काहींनी ते मनापासून केलं, काहींनी टाळलं.

खो-खोची आवड मात्र शाळेबाहेरून आली. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, आणि कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची. मोठ्या बाईंनी सामन्याचे तुकडे वर्गात दाखवले. पुढच्या शनिवारी मुलींनी पुळणीवर काठीने स्वतःच पाटी आणि चौकोन आखले. खांबांच्या जागी दोन वल्ही रोवली, ती कुणाची ते मी विचारलं नाही. ‘माका कोण घेत नाय’ यावर त्यांनीच नियम काढला : दोन्ही बाजूंचे पुढारी दर शनिवारी बदलायचे, आणि निवड पाठमोरं उभं राहून, आकड्याने.

मार्च २०२५ला काय दिसलं

काजूखाली बसणाऱ्या मुली दोन-तीनवर आल्या. त्यांतल्या एकीला खरोखर सांध्यांचं दुखणं आहे. तिला गुण लिहिण्याचं काम देतात, ते पुरेसं आहे असं मला वाटत नाही. चिठ्ठ्या येतात, पण आता त्यांत कारण लिहिलेलं असतं, पाळी असेल तर तसंही, आणि त्या दिवशी चालणं किंवा ताणाचे व्यायाम निवडायची मुभा आहे. ६०० मीटर चालत का होईना, सगळ्यांनी पूर्ण केलं. काहींचं हिमोग्लोबिन पुन्हा तपासल्यावर सुधारलेलं दिसलं. त्याचं श्रेय गोळीचं, जेवणाचं की आणखी कशाचं, हे वेगळं काढता येत नाही.

न बदललेलंही सांगायला हवं. फाटकाजवळची टपरी. मीठ-साखर-तेलाने भरलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२०चा नियम आहे. पण टपरीवाला शाळेतल्याच एका मुलीचा बाप. त्याला हटवायचं नाही असं ठरलं. त्याने उकडलेले शेंगदाणे आणि कोकम सरबत ठेवलं. शेंगदाणे संपतात, पाच रुपयांची पाकिटंही संपतात. छोट्या सुट्टीत अनेक मुलं अजूनही तीच खातात. मोबाइलबद्दल कुणी काही मोजलं नाही आणि बहुधा काही बदललंही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खोकं बक्षिसांच्या आधी ठेवायला हवं होतं. जानेवारी २०२४मध्ये तो प्रश्न विचारला असता तर देणगीचे पैसे कड्या, डबा, दोरी आणि चेंडूंवर गेले असते, आणि कबड्डीच्या त्या मुलाला भाव विचारायची सवय लागली नसती. आता तो खेळतो, पण पूर्वीसारखा नाही, असं सर म्हणतात. मला तेवढं ठामपणे सांगता येणार नाही.

मुलग्यांना स्वतंत्रपणे विचारायला हवं होतं. खोक्यात त्यांच्या चिठ्ठ्या कमी होत्या, म्हणून त्यांची अडचण कमी असा अर्थ सगळ्यांनी काढला. जाड मुलगे आणि कबड्डीत कधीच न घेतले जाणारे मुलगे गप्प बसले आणि फुगडीच्या महिन्यात तर पूर्णच विसरले गेले. मुलग्यासाठी ‘मला जमत नाही’ लिहिणं मुलीपेक्षा अवघड असतं, हे आम्हा शिक्षकांना माहीत असायला हवं.

पुळणीच्या तासाचं बरंच काही त्या एका मुलाच्या आणि एका सरांच्या उत्साहावर चाललं. मुलगा पुढच्या वर्षी दहावीला. कॅलेंडर करायचं काम आठवीतल्या तिघांना आधीच शिकवायला हवं होतं. ते मार्चमध्ये घाईघाईने झालं.

आणि दहावी. हा प्रश्न सुटलेला नाही. दिवाळीनंतर दहावीचे खेळाचे दोन्ही तास बोर्डाच्या सरावाला गेले, दरवर्षीप्रमाणे. ज्या मुलींनी नववीत पहिल्यांदा धावायला सुरुवात केली त्याच पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा बाकावर बसणार. सरांनी मागितलं ते फार नाही : जानेवारीअखेरपर्यंत आठवड्याला एक तास, सराव परीक्षेच्या दिवशी नको. इंग्रजीच्या आणि गणिताच्या शिक्षकांचा विरोध आहे, काही पालकांचाही. मोठ्या बाईंनी तो विषय जूनच्या पालकसभेत ठेवायचं कबूल केलं आहे, आणि या वेळी आयांची सभा आधी बोलावणार आहेत.